एका पेल्यापुरता विस्तव

अहमदनगर शहरात, कागदोपत्री ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि बोलण्यात ज्यास पिढ्यान्‌पिढ्या नुसते नगर म्हणत आले आहेत त्या जुन्या निजामशाही राजधानीत, सावेडीकडच्या नव्या वसाहतींतून अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानी पडतो. घरात कॉफी पिणारे माणूस एकच असेल, तर त्या एकट्यापुरता एक पेला करून देणारे कोणते उपकरण विकत घ्यावे? प्रश्न विचारणारांत मुले पुण्यास किंवा परदेशी गेल्यामुळे घरी एकट्या राहिलेल्या वृद्धा असतात, पहाटे अभ्यासास बसणारे विद्यार्थी असतात, रात्रपाळी संपवून आलेले कारखान्यांतले कामगार असतात. आणि दुकानदार त्यांच्यापुढे साध्या फिल्टरापासून कॅप्सूल घालून चालविण्याच्या विजेच्या यंत्रापर्यंत सर्व जिन्नस मांडून ठेवतो. या जिनसांची तुलना करून देणारे पुष्कळ आहेत. परंतु एका माणसाने केवळ स्वतःसाठी एक पेला करून घेणे ही गोष्टच मुळी आमच्या या मुलखात फार अलीकडची आहे, आणि ती शक्य होण्यास यंत्राच्याही आधी दोन गोष्टी लागत आल्या आहेत: स्वतःच्या हुकमतीतला विस्तव आणि स्वतःच्या मालकीची घटका. या दोहोंची वाटणी नगरच्या इतिहासात कोणाच्या वाट्यास कशी आली हे पाहिल्यावाचून उपकरणाची निवड मला अपुरी वाटते, म्हणून हा थोडा दूरवरून आरंभलेला वृत्तांत.

कॉफीचे झाड मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाचे. तेथून ते तांबड्या समुद्रापलीकडे यमनात गेले, आणि पंधराव्या शतकात यमनातील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोपेने ग्रासू नये म्हणून बुंददाण्यांचा काढा घेऊ लागले. मक्केत 1511 साली खैर बेग नावाच्या अंमलदाराने या पेयास मनाई केली, ती कैरोच्या सुलतानाने लवकरच उठविली. पुढे 1555 च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीची पहिली दुकाने उघडली, आणि यमनच्या किनाऱ्यावरील मोखा हे बंदर या व्यापाराचे मुख्य नाके बनले. याच सुमारास, याच वाटेने, एक हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला जात होता. त्याचा जन्म 1548 च्या आसपासचा. हबसाणातून तो मोखास आला, तेथून बगदादेस गेला, आणि मीर कासिम या त्याच्या धन्याने त्यास दक्षिणेत आणल्यावर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः कधी काळी गुलामच होता, त्याने त्यास विकत घेतले. हाच मलिक अंबर. 1600 साली अकबराच्या फौजेने नगरचा किल्ला घेतल्यानंतर ज्याने निजामशाहीचा उरलेला सरंजाम गोळा करून ती सव्वीस वर्षे उभी ठेवली, ज्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे नाव मराठी दप्तरांत पुढे शतकानुशतके टिकले, तो पुरुष कॉफीच्या मायभूमीत जन्मला होता आणि कॉफीच्या बंदरावरून येथवर आला होता, ही गोष्ट नगरकरांनी अभिमानाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इसवी सन 1617 हे वर्ष या दृष्टीने मला विलक्षण वाटते. त्या वर्षी जहांगीर बादशहा मांडूच्या गडावर येऊन राहिला होता, आणि त्याचे तेथे येणे मलिक अंबराविरुद्धच्या मोहिमेसाठीच होते. शहाजादा खुर्रमने, जो पुढे शाहजहान झाला, त्याच वर्षी वाटाघाटी करून नगरचा किल्ला पुन्हा मोगलांच्या ताब्यात घेतला. बादशहाच्या छावणीत इंग्लंडचा वकील सर टॉमस रो होता, आणि त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने तिकडच्या लोकांच्या खाण्यापिण्याचे जे वर्णन लिहून ठेवले त्यात असे नमूद आहे की, धर्माने कडक असणारे मुसलमान मद्यास स्पर्श न करता एका काळ्या बियेचा उकळलेला काढा पितात, तो चवीस विशेष नसला तरी पचनास व चित्तास हितकारक असतो. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूस, पीटर व्हॅन डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी, ज्याने काही वर्षे आधी मोखास कॉफीची चव घेतली होती आणि जो ती घेणाऱ्या पहिल्या डचांपैकी मानला जातो, तो सुरतेहून खुष्कीने मच्छलीपट्टणाकडे जाताना मलिक अंबराच्या छावणीतून गेला, त्यास भेटला, आणि त्याच्या करारी मुद्रेचे वर्णन त्याने आपल्या रोजनिशीत केले. दख्खनच्या एका युद्धाच्या दोन्ही अंगांस कॉफी ओळखणारी माणसे उभी होती. निजामशाहीचे स्वतःचे समुद्रद्वार चौल येथे होते, आणि चौलची गलबते तांबड्या समुद्राकडे कापड घेऊन नियमाने जात. तेव्हा कॉफी ही नगरास इंग्रजांनी शिकविलेली वस्तू होय असा जो समज आहे, तो निदान मार्गांच्या दृष्टीने तरी टिकत नाही.

मात्र दरबारातील पेय एकट्याचे नसते. बादशहाच्या किंवा सरदाराच्या पदरी आबदारखाना असे, त्यात पाणी थंड करणारे, सरबते करणारे, विस्तव राखणारे सेवक तैनात असत. धन्याच्या हाती पेला येई तेव्हा त्यामागे चार माणसांचे हात लागलेले असत, आणि तो पेला प्यायला जाई तो मसलतीत, मुजऱ्यात, दहा डोळ्यांसमोर. कॉफी ही त्या काळी सर्वत्र बैठकीची वस्तू होती. तुर्कांच्या दांड्याच्या छोट्या पितळी भांड्यात एक-दोन पेलेच होत हे खरे, पण ते भांडे राखेत सरकवणारा सेवक निराळाच असे.

आपल्या देशात कॉफीची लागवड झाली ती बाबा बुदन या फकीरामुळे, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात हजहून परतताना त्याने सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या. त्या डोंगरास आज बाबाबुदनगिरी म्हणतात, आणि तेथील गुहेत दत्तात्रेयाचे पीठ व फकीराचा दर्गा एकाच ठिकाणी पूजिले जातात, ही गोष्ट नगरच्या सूफी-दत्त परंपरेत वाढलेल्या माणसास परकी वाटणार नाही. परंतु त्या डोंगरातली कॉफी नगरास पोहोचावयास पुढे दोन शतके लागली. 1803 च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला, पुढे 1817 पासून तो कायमचा इंग्रजांकडे राहिला, भिंगारलगत लष्करी छावणी वसली, आणि त्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या न्याहरीबरोबर कॉफीने शहराच्या वेशीशी बिऱ्हाड केले. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा नगर मद्रासकडे जाणाऱ्या रेल्वेशी जोडले गेले व दक्षिणेचा माल येणे सोपे झाले. 1888 साली मुंबईत पेस्तनजी एदलजी या पारशी तरुणाने कॉफी भाजून, दळून, तीत चिकोरी मिसळून विकण्याचा धंदा आरंभिला, आणि त्याच्या पोलसन या नावाची कॉफी फौजांच्या कोठारांतून व किराणा दुकानांतून घरोघरी गेली. पोलसन हे नाव पुढे लोण्यामुळे गाजले; आरंभ मात्र कॉफीचा आहे.

येथून कॉफी मराठी घरात आली, आणि येथे माझ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडा थांबतो.

मराठी मध्यमवर्गीय घरातली कॉफी ही दुधाची कॉफी. पातेल्यात दूध-पाणी ठेवून त्यास उकळी आली की साखर व पूड घालावयाची, वर झाकण ठेवून ती मुरू द्यावयाची, जायफळ किसून किंवा वेलदोड्याची पूड टाकून फडक्याने गाळावयाची, आणि कपबश्या भरून बाहेर पाठवावयाच्या. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, सणावारांची, उपवासाची, आजाऱ्याची, रात्री जागणाऱ्याची. ती नेहमी पातेल्याने मोजली जाई. एका पेल्याची कॉफी करावयास सांगणे हे घरातल्या शिरस्त्याला सोडून होते, आणि यामागे कंजूषपणा नव्हता. त्याचे कारण चुलीत होते. एकदा चूल पेटवावयाची म्हणजे तुराट्या किंवा पऱ्हाट्या मोडावयाच्या, गोवरीचा तुकडा लावावयाचा, फुंकणीने फुंकावयाचे, धूर डोळ्यांत घ्यावयाचा. एवढा खटाटोप करून उत्पन्न झालेला विस्तव एका पेल्यावर खर्चणे हा अपव्यय होता. पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत तर जळण हे धान्याइतकेच जपण्याचे धन असे, आणि ते गोळा करणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालत येई. 1896-97 आणि त्यापाठोपाठचा 1899-1900 चा, असे दोन दुष्काळ ज्या जिल्ह्याने सोसले, त्या जिल्ह्यातील चुलीचा प्रत्येक निखारा हिशेबात धरला जाई यात नवल नाही.

आणि हा विस्तव ज्या हातांनी पेटे त्या हातांच्या वाट्यास पेला शेवटी येई. घरातली स्त्री सर्वांआधी उठे. आधणाचे पाणी वैलावर सरकवून ती न्हाणीची, देवाची, दुधाची व्यवस्था लावी. वडीलधाऱ्यांस, पुरुषांस, मुलांस, आल्यागेल्यास पेले देऊन झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरे ते गार झालेले असे, आणि तेच ती उभ्याने पिऊन मोकळी होई. विस्तव तिच्या हाती होता, पण त्यावर तिची हुकमत नव्हती. पहाटेची पहिली घटका तिने जागून काढली, पण ती घटका तिच्या मालकीची नव्हती. आमच्या घरगुती इतिहासातली ही गोष्ट मी कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. परंतु एका पेल्याचे उपकरण ही चैन आहे असे जे सहज म्हटले जाते, त्यापूर्वी या तळाशी उरलेल्या गार कॉफीचा विचार झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पेला कोणाच्या हातचा, कोणासमवेत, कोणत्या घरी घेतला, यावरून समाजात केवढे वादळ उठू शके याचे उदाहरण शेजारच्या पुण्यात 1890 साली घडले. पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका सभेनंतर चहाबिस्किटे पुढे आली, उपस्थितांत रानडे व टिळक यांच्यासारखी माणसे होती, आणि त्यावरून ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, शंकराचार्यांचे चौकशीमंडळ, प्रायश्चित्त असा प्रकार पुढे वर्ष-दोन वर्षे चालला. ज्या समाजात पेला हा जातीच्या पंक्तीचा भाग होता, त्या समाजात एकट्याचा पेला ही कल्पना रुजण्यास वेळ लागला हे स्वाभाविकच होते. स्वतःपुरते करून स्वतःच पिणारा माणूस पंक्तीतून उठलेला असे: एक तर तो संन्यासी, नाहीतर छावणीतला साहेब, नाहीतर कैदी.

नगरच्या किल्ल्याने असा एक कैदी पाहिला, आणि त्याने एका पेल्याविषयी जे लिहिले त्यास या विषयाच्या इतिहासात तोड नाही. 9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अटक झाली, त्यांना खास आगगाडीने नगरास आणण्यात आले, आणि अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांच्यासह जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या प्रभृती बारा जण या किल्ल्यात बंद झाले. त्यांपैकी बहुतेकांना 1945 च्या मार्च-एप्रिलपर्यंत तेथेच ठेवले होते. नेहरूंनी येथेच 1944 साली पाच महिन्यांत आपला भारतशोधाचा मोठा ग्रंथ लिहिला. आझादांनी पत्रे लिहिली. सदर यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यास उद्देशून, जी धाडण्याची सोय नव्हती अशी पत्रे, जी 1946 साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चांदबीबीच्या या किल्ल्याचा पूर्वेतिहास आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांची कथा आहे, आणि पहाटेच्या चहाचे प्रकरण आहे.

आझाद पहाटेच्या अंधारात, सगळी बराक निजलेली असताना उठत, आणि आपला चहा आपल्या हातांनी करीत. व्हाइट जास्मिन नावाचा चिनी चहा ते वापरीत. त्यात दूध घालणे त्यांस मुळीच मान्य नव्हते, दूध-साखरेच्या उकाळ्यास चहा म्हणणे हा चहाचा अपमान आहे असे त्यांचे मत होते, आणि हे मत त्यांनी सविस्तर, शास्त्रार्थ करावा तशा गांभीर्याने मांडले. सहकाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही या आवडीत त्यांचा सोबती नव्हता. काहीजणांस हा निव्वळ एका विद्वानाचा षोक वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाकडून वर्तमानपत्र, स्नेही, शहर, स्वतःच्या आयुष्याचा क्रम, सर्व काही हिरावून घेतले गेले आहे, आणि ज्याची पत्नी कलकत्त्यास मरणोन्मुख असतानाही ज्याने सरकारकडे सुटकेची याचना केली नाही, अशा माणसाने, तिच्या 1943 च्या एप्रिलातील मृत्यूचा आघात सोसणाऱ्या त्याच भिंतींच्या आत, दिवसातली एक घटका सरकारच्या ताब्यातून काढून आपल्या ताब्यात घेतली, आणि ती घटका एका पेल्याने मोजली. पाणी किती तापवावे, पान किती वेळ भिजू द्यावे, पहिला घोट कसा घ्यावा, हे त्याने ठरविले, जेलरने नव्हे. नगरात एका माणसाने स्वतःच्या विस्तवावर, स्वतःच्या वेळी, स्वतःपुरता एक पेला करून पिण्याचे याहून पूर्ण उदाहरण मला ठाऊक नाही. ते पेय चहा होते, कॉफी नव्हे, याने माझ्या मुद्द्यास बाध येत नाही.

त्याच 1942 साली युरोपची बाजारपेठ युद्धामुळे बंद पडल्याने हिंदुस्थानातील कॉफीचे मळे अडचणीत आले होते, म्हणून कॉफीच्या विक्रीचा कायदा होऊन कॉफी बोर्डाच्या हाती तिचा कारभार आला. या प्रयत्नाचा आरंभ थोडा आधीचा. 1936 साली मुंबईस चर्चगेटजवळ इंडिया कॉफी हाऊस निघाले होते, आणि पुढे 1950 च्या दशकात बोर्ड ही गृहे बंद करू लागले तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविली. कॉफी हाऊसमध्ये एक पेला मागता येत असे, पण तेथेही मनुष्य जाई तो चार मित्रांच्या गप्पांसाठीच.

घरातल्या एका पेल्याची वाट मोकळी झाली ती निराळ्याच दिशेने. 1892 साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह विसाव्या शतकात आमच्या घरांत आला, आणि पंप मारून, पिन घालून, काडी लावताच एका हंडीपुरती ज्योत हवी तेव्हा मिळू लागली. त्याच्या फर्र आवाजाने सारे घर जागे होई, पण चुलीच्या मानाने ती क्रांतीच होती. पुढे 1955 पासून मुंबईत गॅसचे सिलिंडर मिळू लागले, आणि नंतरच्या दशकांत ते नगरच्या स्वयंपाकघरांत पोहोचले. तेव्हा विस्तव प्रथमच निःशब्द झाला, आणि घरातल्या बाईस कोणास न उठवता पहाटे एक पेला करणे शक्य झाले. याच काळात जिल्ह्याची अर्थस्थितीही पालटली. प्रवरेचे कालवे झाले, 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, हरिगावास बेलापूर कंपनीचा साखरकारखाना उभा राहिलाच होता, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमाने लोणीस निघालेल्या सहकारी कारखान्याने 1950 मध्ये गाळप सुरू केले. ज्या जिल्ह्यात साखर ही दिवाळीची वस्तू होती तेथे ती रोजची झाली. संगमनेर, राहुरी, अकोले, कोपरगाव या बाजूस दूधसंकलनाची केंद्रे गावोगाव झाली, आणि एका पेल्यासाठी अर्धा पेला दूध बाजूस काढणे ही उधळपट्टी राहिली नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1938 साली निघालेली पाण्यात विरघळणारी कॉफी त्याच वेळी बरणीतून आली. चमचाभर पूड व साखर दोन थेंब पाण्यात फिकट होईपर्यंत फेटावयाची, वर गरम दूध ओतावयाचे, की झाला पेला. हे फेटणे कॉलेजातल्या मुलींनी आपापल्या घरी रुजविले, आणि खरे म्हणजे आमच्या घरांतील एकट्याच्या कॉफीचा आरंभ येथून धरला पाहिजे.

आता ज्या उपकरणांविषयी आज विचारणा होते त्यांची कुळकथा. फ्रान्समध्ये अठराशेच्या आसपास गाळणीची दोनमजली भांडी निघाली, आणि तामिळ व कन्नड घरांतला पितळी फिल्टर याच जातीचा: वरच्या भांड्याच्या तळास बारीक छिद्रे, आत पूड, तिच्यावर दाबण्याची दांड्याची चकती, वर उकळते पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरणारा अर्क. भिंगारच्या छावणीतील दाक्षिणात्य कुटुंबांच्या घरी आणि उडुपी उपाहारगृहांच्या भटारखान्यात तो नगरने फार पूर्वी पाहिला. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पेल्यातला गाळ सहन होईना म्हणून पितळेच्या भांड्यास खिळ्याने छिद्रे पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला, आणि कागदी गाळणीचा शोध लावला. कॉफीच्या साधनांच्या इतिहासात स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईने स्वतःसाठी केलेले हे साधन मला सर्वांत आदरणीय वाटते. 1933 साली इटलीत अल्फोन्सो बियालेट्टी याने ॲल्युमिनियमचे अष्टकोनी भांडे काढले, ज्यात खालच्या पाण्याची वाफ होऊन तिच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. त्यास त्याने मोखा बंदराचेच नाव दिले. कॅप्सूलच्या यंत्राचे पेटंट स्वित्झर्लंडात एरिक फाव्र याने 1976 साली केले व ते 1986 मध्ये बाजारात आले; आणि 2005 साली अमेरिकेत ॲलन ॲडलर याने पिचकारीसारखी दाबाची नळी काढली, जी प्रवासात पिशवीत राहते.

नगरच्या घरासाठी यांतून काय घ्यावे? पहिला विचार पाण्याचा, कारण दूध न घातलेल्या कॉफीच्या पेल्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असते. निजामशाहीने कापूरवाडी, वडगाव इत्यादी ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून हे शहर वसविले, आज मुळेच्या धरणाचे पाणी येते. पण जेथे अजून विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यावर गुजारा आहे तेथे काळ्या पाषाणातून झिरपलेले ते पाणी जड असते, आणि ज्या यंत्राच्या पोटात पाणी तापते, मग ते कॅप्सूलचे असो की वाफेच्या दाबाचे, त्याच्या नळ्यांत पांढरा थर साचून ते काही महिन्यांत मंदावते. तो थर लिंबूसत्त्वाने काढता येतो, आणि लिंबांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रीगोंद्याच्या जिल्ह्यात ते महाग पडणार नाही. तथापि ते काम नियमाने करावे लागते, आणि एकट्या वृद्धेस ते जड जाईल. दुसरा विचार विजेचा. भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली त्यांनी केवळ विजेवर अवलंबून असणारी पहाट पत्करू नये. तिसरा कॅप्सूलचा: ती बाहेरून मागवावी लागते, प्रत्येक पेल्यामागे ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची एक कुपी कचऱ्यात जाते, तिच्यात कोणत्या डोंगरातली कॉफी किती दिवसांपूर्वी भरली हे आपल्या हाती राहत नाही, आणि पेल्याची किंमत फिल्टरच्या पेल्याच्या कित्येक पट होते. हाताने झाकण उघडता येत नाही, बोटे थरथरतात, अशा माणसास ते यंत्र खरोखर उपयोगी आहे, आणि त्याच्यासाठी मी ते निःसंकोचपणे सुचवीन; इतरांस नाही. बियालेट्टीचे भांडे विस्तवावर लक्ष ठेवू शकणारासाठी उत्तम, पण ते एका पेल्याच्या मापाचेच घ्यावे, कारण मोठ्यात थोडी पूड घालून चालत नाही.

एकटीने राहणारीस मी पोलादी फिल्टर सांगतो, दोन पेल्यांच्या मापाचा; पितळीस कल्हई लागते आणि कल्हईवाला आता दारी येत नाही. चिकमगळूर किंवा कुर्गची पूड पंधरा दिवसांपुरतीच आणावी, चिकोरी शंभरात वीसहून अधिक नसावी. रात्री निजण्यापूर्वी दोन भरलेले चहाचे चमचे, म्हणजे दहा-बारा ग्रॅम, वरच्या भांड्यात घालावेत, चकती हलक्या हाताने दाबावी, उकळी येऊन क्षणभर निवलेले पाणी ओतून झाकण लावावे. पाव-अर्ध्या तासात अर्क उतरतो आणि पहाटेपर्यंत तो चांगला राहतो. उठल्यावर फक्त पेलाभर दूध तापविले की पुरे. सकाळी चाळणी उलटी धरून नळाखाली धुवावी, आणि छिद्रे बुजली तर ती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून झटकावी, म्हणजे ती पुन्हा मोकळी होतात.